एका फेऱ्याला चार ठोके

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत छोट्या रेल्वेगाड्यांच्या छंदावर पानभर लेख आला. मराठी वर्तमानपत्रात या विषयाला एवढी जागा मिळालेली मी तरी पहिल्यांदाच पाहिली, म्हणून आधी आभार मानतो आणि मग भांडायला बसतो. जुन्या, मुक्या वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलला आवाज, धूर आणि डबे आपोआप जोडणारं कपलिंग कसं बसवतात हे लेखकानं हौसेनं सांगितलंय. पण 'चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक छुक' हे वाक्य आलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला. साहेब, एक कुठला? चार.

मी मिरजेचा. वडील मीटरगेजवर फायरमन होते, मिरज-लोंढा मार्गावर. मिरज म्हणजे एके काळी तीन गेजांचं गाव. पुण्याकडे ब्रॉडगेज, लोंढ्याकडे मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज. ती नॅरोगेज १९२७ साली मिरजेला येऊन पोचली आणि आमच्या लहानपणीही तिचा वेग बहुधा त्याच सालातला होता. रेल्वेच्या चाळीत वाढलेल्या पोराला घड्याळ नसलं तरी चालायचं. वडील रात्रपाळी करून दुपारी ओट्यावर आडवे पडलेले असायचे, डोळे मिटलेले. यार्डातून एखादी गाडी सुटायची आणि ते डोळे न उघडताच म्हणायचे, "लंगडतंय बघ." चार ठोक्यांतला एक दुबळा पडला की त्या बाजूच्या झडपेची वेळ चुकलीय हे त्यांना घरात झोपून कळायचं.

चार का, ते थोडक्यात सांगतो, कारण लेखकाची चूक पुष्कळांची होते. दोन सिलिंडरचं साधं इंजिन घ्या. वाफ दट्ट्याच्या एकदा पुढून शिरते, एकदा मागून. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात एका सिलिंडरमधून वापरलेली वाफ दोनदा बाहेर पडते. पलीकडच्या बाजूचा क्रँक, म्हणजे दांडा ज्याला धरून चाक फिरवतो तो खुंटा, पाव फेऱ्याच्या फरकानं बसवलेला असतो, म्हणून त्याचे दोन ठोके या दोघांच्या बरोबर मधे पडतात. झाले चार. तीन सिलिंडरचं इंजिन असेल तर सहा. ही वाफ धुराड्याखालच्या नळीतून जोरानं वर जाते आणि जाताना भट्टीतली हवा ओढून नेते. इंजिन जितकं जोर लावेल तितका जाळ फुलतो, त्यासाठी वेगळा भाता लागत नाही. छुक हा त्या भात्याचा आवाज आहे. तो मोजून-मापून येतो.

आता माझ्या इंजिनाबद्दल. चाळीस वर्षं मी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. दुकान बंद केल्यावर हात शिवशिवायला लागले. जर्मनीत नोकरी करणाऱ्या भाच्यानं तिथल्या जुन्या बाजारातून एक इंजिन आणलं, खोका नाही, धक्का झेलणारा एक बफर तुटलेला. एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. नमुना प्रशियाच्या पी ८ जातीचा. हे इंजिन १९०६ पासून बांधलं गेलं, तीन हजारांच्या वर झाली, दोन सिलिंडर, रॉबर्ट गार्बे या इंजिनिअरचं काम. नावाजलेलं एक्स्प्रेस इंजिन नव्हे. पॅसेंजर ओढायची, वेळ पडली तर मालगाडीही ओढायची. आमच्याकडच्या वायपी-वायजी या मीटरगेज इंजिनांशी तिचं रूप जुळत नाही, पण बाहेर उघडे दांडे, दोन सिलिंडर आणि मागं कोळसा-पाणी वाहणारा टेंडर एवढं पुरेसं होतं. मोटर इंजिनाच्या पोटात, टेंडर रिकामा, आत फक्त शिशाचा तुकडा. रिकामा टेंडर बघितल्यावरच मनात आलं की यात काहीतरी भरता येईल.

भाचा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मामा, आवाज आणि धूरवालं नवीनच मिळतं. कशाला त्रास घेता?" मी म्हटलं, "अरे, त्रासासाठीच तर मागवलंय."

लेखकाशी माझं खरं भांडण आहे ते क्रमावरून. त्यांनी आधी धूर, मग आवाज आणि शेवटी जाता जाता 'कपलर बदलणे ही किरकोळ बाब' असं लिहिलंय. मी स्वतः हे सगळं ठेचा खात केलं, पैसे व सहा महिने घालवले, म्हणून ठामपणे सांगतो की क्रम बरोबर उलटा हवा. आधी कपलर, म्हणजे तेच कपलिंग. मग चाकांतून येणारी वीज. मग आवाज. धूर राहिलाच तर शेवटी, आणि नाही बसवला तरी काही बिघडत नाही.

कपलर आधी का? ज्या गाडीचे डबे जोडायला-सोडायला दर वेळी वरून दोन बोटं खाली येतात ती गाडी कितीही खरी आवाज करू दे, बोटं दिसली की खेळणं होते. युरोपातल्या मॉडेलांवर जी वळ्याची कपलिंगं येतात ती जुळतात झकास, पण सुटताना बहुधा हात मागतात आणि दोन डब्यांमधे बोटभर फट ठेवतात. मी त्या जागी केडीची चुंबकावर चालणारी कपलिंगं लावली. अमेरिकेतल्या ऑरेगॉनच्या कीथ आणि डेल एडवर्ड्स या भावांची ही कंपनी, दोघांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं केडी. मुठीसारखा वळलेला जबडा, त्याच्यामागे केसाएवढी स्प्रिंग आणि खाली लोंबणारी एक वाकडी तार. रुळांच्या मधे चुंबक बसवायचा. गाडी त्याच्यावर थांबवून कपलिंग जरा सैल पडू दिलं की दोन्ही तारा विरुद्ध बाजूंना ओढल्या जातात आणि जबडे उघडतात. इंजिन बोटभर मागं घ्यायचं, मग पुन्हा हलकेच पुढं ढकलायचं. आता जबडे एकमेकांच्या शेजारून निसटलेले राहतात, अडकत नाहीत. डबा ढकलत पाहिजे तिथवर न्या, इंजिन थांबवा, मागं घ्या. डबा जागच्या जागी राहतो. हात खिशात.

जर्मन इंजिनाला अमेरिकन जबडा लावला म्हणून नाक मुरडणारे भेटलेत. त्यांचं बरोबर आहे. खऱ्या पी ८ ला बफर आणि स्क्रू कपलिंग होतं. पण मला ही मूठ लावायला दुसरं कारणही आहे. चाळीत आमच्या शेजारी एक सांधेवाले काका राहायचे. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. आम्ही पोरं विचारायचो, ते म्हणायचे, "गाडीनं उसनी नेलीत." जगभर रेल्वेनं अशी किती बोटं उसनी नेली. अमेरिकेत तर खिळा-कडीच्या, हातानं जोडायच्या कपलिंगापायी ब्रेकमनची बोटं पाहून त्याची नोकरी किती वर्षांची ते ओळखायचे म्हणतात. तिथं ईलाय जॅनी नावाच्या, कापडचोपडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या माणसानं १८७३ साली दोन वळलेल्या मुठी एकमेकींत अडकाव्यात तशा कपलिंगचं पेटंट घेतलं. सक्तीचा कायदा व्हायला मात्र १८९३ साल उजाडावं लागलं. आपल्याकडे मालगाड्यांना आणि नव्या एलएचबी डब्यांना जे मधोमध कपलिंग असतं ते याच घराण्यातलं. ज्या कपलिंगमुळं माणसाला दोन डब्यांच्या मधे शिरावं लागत नाही त्याला कोणी किरकोळ म्हटलं की मला शेजारच्या काकांचा हात आठवतो.

मॉडेलवर ते बसवणं हे वेळखाऊ काम. जुन्या टेंडरला आजच्यासारखी तयार खाच नसते. मी टेंडरच्या तळाला दोन मिलिमीटरचं भोक पाडून आटे पाडले आणि पहिल्याच दिवशी कपलिंग पाऊण मिलिमीटर खाली बसलं. ऐकायला काहीच नाही. पण जबड्याचा मध्य रुळाच्या वर ९.९ मिलिमीटर हवा, आणि खालची तार रुळाला लागता कामा नये, त्यात पाऊण मिलिमीटर म्हणजे डोंगर. प्रत्येक सांध्यावर तार अडकायची आणि टेंडर उडी मारायचा. शेवटी पाव मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकचे तीन तुकडे कापून टेंडरचा तळ आणि त्याच्या चाकांची चौकट यांच्या मधे सारले, तेव्हा टेंडरच तेवढा वर आला. मोजायला कंपनीचं छोटं धातूचं गेज मिळतं, ते आधी घ्या, मग कपलिंगं घ्या. आणखी एक, जे कोणी सांगत नाही: डब्यांचे आस पोलादी असतील तर तेही चुंबकाकडे ओढले जातात. माझा एक मालडबा चुंबकाजवळ सोडला की आपण होऊन हळूच सरकत त्याच्यावर जाऊन उभा राहायचा, शेतावरून गोठ्याकडे परतणाऱ्या बैलासारखा. त्याचे आस पितळी केले तेव्हा थांबला.

मग वीज. मुकं इंजिन चालताना क्षणभर अडखळलं तर डोळ्याला कळतही नाही, जडत्वावर ते पुढं निघून जातं. आवाज बसवला की तीच अडखळ कानात जाते. ठोका तुटतो, यंत्र पुन्हा शून्यापासून सुरू होतं, गाडीला उचकी लागल्यासारखं होतं. म्हणून टेंडरच्या चाकांनाही वीज घेणाऱ्या फॉस्फर ब्राँझच्या पातळ पट्ट्या लावल्या. रूळ पुसायला साधं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या बनियनचा तुकडा. यापेक्षा जास्त काही लिहिण्यासारखं नाही, फक्त हे काम टाळून पुढं जाऊ नका.

आता माझी फजिती. आवाजाचं आणि मोटरचं नियंत्रण करणारी जी बोटाच्या पेराएवढी पट्टी असते तिला डिकोडर म्हणतात. रुळांत कायम वीज असते, आदेश त्याच विजेतून येतात, आणि प्रत्येक इंजिन आपल्या नंबरचा आदेश तेवढा उचलतं. नवीन डिकोडरचा नंबर तीन असतो. वायरींचे रंग ठरलेले: लाल आणि काळी रुळाकडून, नारिंगी आणि करडी मोटरला, निळी समाईक. जुन्या मॉडेलांत एक मोठा खड्डा असतो. मोटरचा एक ब्रश धातूच्या सांगाड्याला टेकलेला असतो आणि सांगाडा एका रुळाला. डिकोडर बसवण्याआधी तो ब्रश सांगाड्यापासून पूर्ण तोडायचा, नाहीतर रुळाची वीज उलट्या वाटेनं डिकोडरमध्ये शिरते. हे मला ठाऊक होतं. मल्टिमीटरनं तपासलंही होतं, बीप आली नव्हती. मग झाकण लावलं. झाकणाच्या स्क्रूनं ब्रशची पट्टी किंचित दाबली आणि पुन्हा सांगाड्याला टेकवली. झाकण लावल्यावर मी पुन्हा तपासलं नाही. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना 'कॅबिनेट बंद करून मग चेक करायचं असतं' म्हणून ऐकवणारा मी. वीज दिली, टेंडरमधून निळसर धूर आला. आमच्या गाडीनं पहिला धूर काढला तो चिमणीतून काढला नाही. शंभर-सव्वाशे युरोचा माल होता. बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, झालं वाटतं तुमचं धुराचं काम?"

दुसरा डिकोडर यायला दोन महिने लागले. त्या काळात स्पीकरचा प्रश्न सोडवला, आणि तो सुटला आमच्या गावामुळं.

लेखात स्पीकर 'टेंडरमध्ये कुठेही चिकटवावा' असं म्हटलंय. मीही तेच केलं होतं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून एक नखाएवढा स्पीकर आणला, दोन डाग दिले, टेंडरच्या तळाला दुहेरी टेपनं चिकटवला आणि मोबाइलला जोडून इंजिनाचा आवाज लावून बघितला. डबीत कोंडलेल्या डासासारखं काहीतरी वाजलं. आता मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्यांची गल्लीच आहे, पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. माझ्या ओळखीचे एक कारागीर आहेत, त्यांच्या दुकानातला अॅम्प्लिफायर मी अनेकदा दुरुस्त केलेला. सहज त्यांच्याकडे बसलो होतो, तक्रार सांगितली. त्यांनी हातातली पटाशी खाली ठेवली. भोपळा न लावलेल्या, नुसत्या दांडीवर ताणलेली एक तार होती, ती छेडली. टिंग, संपलं. मग शेजारच्या तयार तंबोऱ्याची तार छेडली. आवाज खोलीभर फिरून आला. "तारेत काय असतं?" ते म्हणाले. "ती नुसतं सांगते. बोलतो तो भोपळा." हे भोपळे पंढरपूरच्या बाजूनं येतात, वर्ष वर्ष वाळवतात, जाडी बोटानं ठोकून बघतात. आणि भोपळ्याला बारीकशी चीर गेली तरी कारागीर तो बाजूला ठेवतो.

मी रेडिओवाला. हे मला सांगायला सतारवाला लागला याची लाज वाटली. लाकडी कॅबिनेटातले जुने व्हॉल्व्हचे रेडिओ का घुमायचे हे मी गिऱ्हाइकांना समजावून सांगितलेलं आहे. स्पीकरचा पडदा पुढं हवा ढकलतो तेव्हा मागं ती ओढतो. मधे भिंत नसेल तर पुढची आणि मागची लाट एकमेकींना खाऊन टाकतात, आणि खर्जाचा आवाज आधी मरतो. घरी येऊन एक मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापल्या, स्पीकरच्या मागं बसेल अशी बारा मिलिमीटर उंचीची डबी केली. फेव्हिक्विकनं जोडली आणि सगळे कोपरे बायकोच्या नेलपॉलिशनं बंद केले. लाल रंगाचं होतं, आत टेंडरमध्ये कोण बघतंय. वायर जाते तिथलं भोकसुद्धा बुजवलं. स्पीकर तोच, मोबाइल तोच. या वेळी खालचा दणका आला. खर्ज म्हणता येणार नाही, नखाएवढ्या स्पीकरला खर्ज नसतो, पण छातीतून आल्यासारखा आवाज. शंका आली म्हणून टाचणीनं डबीला एक भोक पाडलं. आवाज लगेच पातळ झाला. पुन्हा नेलपॉलिश.

डिकोडर आला. झाकण लावून, मग तपासून, मग पुन्हा तपासून वीज दिली. आधी उभ्या इंजिनाचा सुस्कारा, हवेच्या पंपाची टकटक. वेगाचं बटण फिरवलं. ठोके सुरू झाले आणि माझा चेहरा पडला. बरोबर वाटत नव्हतं. काय चुकलंय ते सांगता येईना. वडील असते तर झोपेत सांगितलं असतं.

मग हिशेब केला. खऱ्या पी ८ चं मोठं चाक १७५० मिलिमीटरचं. भागिले सत्त्याऐंशी, म्हणजे माझ्या इंजिनाचं चाक वीस मिलिमीटरचं. परीघ साधारण त्रेसष्ट. फेऱ्याला चार ठोके म्हणजे दर पावणेसोळा मिलिमीटरला एक. चाकाच्या कडेला व्हाइटनरचा ठिपका दिला, रुळाशेजारी शाळेतली फूटपट्टी ठेवली आणि इंजिन गोगलगाईच्या चालीनं सोडून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं. मोजले तर फेऱ्याला जवळजवळ पाच ठोके पडत होते. पाच ठोक्यांचं इंजिन! गिअरवर चालणारी डोंगरातली इंजिनं सोडली तर पृथ्वीतलावर असं काही धावलं असेल असं वाटत नाही. डिकोडर मोटर किती फिरली ते तिच्याच उलट्या व्होल्टेजवरून ओळखतो, पण कोणत्या मॉडेलात मोटरचे किती फेरे म्हणजे चाकाचा एक, हे त्याला आपण सांगावं लागतं. माझ्या डिकोडरमध्ये ते सेटिंगच्या ५७ आणि ५८ नंबरच्या घरांत भरायचं. एक एक आकड्यानं बदलत, दर वेळी पुन्हा चित्रण, पुन्हा मोजणी. तिसऱ्या रात्री ठिपका वर आला, ठोका. ठिपका पुढं, ठोका. खाली, ठोका. मागं, ठोका. आणि पुन्हा वर.

ताशी वीस किलोमीटरला खरं पी ८ सेकंदाला चाकाचा एक फेरा घालतं, म्हणजे सेकंदाला चार ठोके. माझ्या सहा फुटी फळीवर त्या वेगानं या टोकाचं त्या टोकाला जायला अठ्ठावीस-एकोणतीस सेकंद लागतात. बहुतेक लोकांना एवढा धीर नसतो, ते गाडी पळवतात. ताशी शंभरला सेकंदाला वीस ठोके होतात आणि कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत, नुसती गर्जना होते. मग चार की एक हा वादच उरत नाही. लेखकानं बहुधा गाडी पळवूनच ऐकली असावी.

आणखी एक गोष्ट लेखात राहून गेली. इंजिन सारखं छुकछुकत नसतं. उतारावर किंवा स्टेशनात शिरताना ड्रायव्हर वाफ बंद करतो, तेव्हा ठोके थांबतात आणि फक्त दांड्यांची खणखण राहते. चांगला डिकोडर हे करतो. वेगाचं बटण खाली आणलं की ठोके गळून जातात, खटक-खटक, खटक-खटक उरतं, आणि मग ब्रेकची किंचाळी. मला या सगळ्यात तो मधला गप्प भाग सगळ्यात जास्त आवडतो. शिटी मात्र जर्मनच आहे, उंच आणि एकेरी. वायपीची शिटी घालायची माझी इच्छा आहे. डिकोडरमध्ये आपलं ध्वनिमुद्रण घालता येतं, पण चांगलं मुद्रण हवं. रेवाडीच्या शेडमध्ये वाफेची इंजिनं अजून पेटवतात, तिथं एकदा थंडीत जायचा बेत आहे. गुडघ्यांनी परवानगी दिली तर.

आता धूर. लेखकानं 'काळाभोर धूर ही जिवंत इंजिनाची खूण' असं लिहिलंय. माझे वडील हे वाचायला नाहीत ते बरं. त्यांच्या हिशेबानं काळा धूर म्हणजे फायरमनची चूक. एकदम ढीगभर कोळसा टाकला, हवा पुरली नाही, न जळलेला कोळसा चिमणीवाटे वर गेला. थोडा, पातळ थर आणि वरचेवर, अशी त्यांची शिस्त. वर काळं दिसलं की ड्रायव्हर बोलायचा, निरीक्षक दिसला तर तोही बोलायचा. चिमणीतून जे पांढरं दिसतं ती गार हवेतली वाफ. मार्च-एप्रिलच्या दुपारी मिरजेच्या उन्हात चांगलं चालवलेलं इंजिन बघितलंत तर चिमणीवर हवा थरथरताना दिसायची, बाकी फारसं काही नाही.

तरी मी धूर बसवला. हौस. सॉइटे या जर्मन कंपनीची बारीक नळी मिळते, आत तापणारी तार, वरून तेलाचे थेंब टाकायचे. पहिल्यांदा ती थेट प्लॅस्टिकच्या चिमणीत घातली. दहा मिनिटांनी चिमणीनं मान टाकली. मग एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून पितळी नळी करून घेतली आणि तापणारा भाग तिच्यात बसवला. नळी कोरडी पडू दिली तर तार जळते, जास्त तेल घातलं तर थुंकते. ते थुंकलेलं तेल रुळावर पडतं, चाकं घसरतात आणि वर जो जुन्या बनियनचा तुकडा सांगितला तो पुन्हा काढावा लागतो. वास विझलेल्या समईसारखा येतो, बायकोला सर्दी होते. धूरही ठोक्यांना जुळून येत नाही, उदबत्तीसारखा एकसारखा येत राहतो. पंख्यावर चालणारी, ठोक्याबरोबर धूर फेकणारी यंत्रंही असतात म्हणे, पण माझ्या इंजिनात त्यांना जागा नाही. आता नळी आत आहे, वायर सोडवून ठेवलीय. पाहुण्यांची पोरं आली की जोडतो.

ज्यांना हे सगळं न करता नुसतं बघायचंय त्यांनी पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशींनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय बघावं. १९९८ पासून आहे. माझा पहिला नाद तिथूनच लागला, आणि तिथं उभं राहून मी चुकून ठोके मोजायला लागलो तेव्हा बायकोनं ओळखलं की आता हे प्रकरण घरी येणार.

पत्र लांबलं याची जाणीव आहे. कापायचं असेल तर धुराचा भाग कापा, पण कपलिंगचा ठेवा. आणि पुढच्या रविवारी एका ओळीची दुरुस्ती अवश्य छापावी: दोन सिलिंडरच्या वाफेच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके. लेखक कधी मिरजेला आले तर त्यांनी जरूर घरी यावं. संध्याकाळी सहानंतर मी मोकळा असतो. फूटपट्टी मी काढून ठेवीन. फक्त येताना लेखाचं कात्रण घेऊन यावं, माझ्या प्रतीवर पेन्सिलीनं इतकं लिहून झालंय की मूळ मजकूर आता वाचता येत नाही.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक, मिरज
(कृपया नाव छापू नये. जुनी गिऱ्हाइकं रेडिओ घेऊन परत येतात.)